साडेबारा सी.सी.च्या खाली

आमची बकुळा आत्या तापट होती, असं घरात सगळे म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. तिला राग कारणानं यायचा, आणि आला की ती तो गिळत नसे, एवढंच.

अठ्ठावन्न साली ती शिवडीच्या एका व्हिनेगरच्या कारखान्यात होती. वय एकवीस, मॅट्रिक पास, काम लॅबमधली काचेची भांडी धुण्याचं. लॅबचे केमिस्ट चिंतामणराव, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, गोड बोलणारे. संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा ते चुकवत नसत. चार वाजता कोट चढवायचे आणि म्हणायचे, "उरलेले नमुने तू कर गं. तुझा हात स्थिर आहे."

शिकवलंही त्यांनीच. व्हिनेगर दहापट पातळ करायचं, त्यातलं वीस सी.सी. चंबूत घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या नळीतून, कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. चंबू हलवत राहायचं. एका थेंबाला पाणी गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तिथं तोटी बंद. जितका सोडा लागला तितकं आम्ल. साडेबारा सी.सी. म्हणजे पावणेचार टक्के, त्याच्या खाली माल नापास. कारखान्याचा आकडा चौदाच्या आसपास असे. आत्या तो चिठ्ठीवर लिहायची, सकाळी चिंतामणराव रजिस्टरात उतरवून सही करायचे. तिचं नाव कुठेच नाही.

त्या फेब्रुवारीत एका हॉटेलातून साठ बाटल्या परत आल्या. त्यात मुरवलेल्या कांद्यांना बुरशी आली होती. मॅनेजर तडक बाटल्या भरण्याच्या खोलीत गेला आणि कमलाबाईंसमोर उभा राहिला. कमलाबाई लालबागला आमच्याच चाळीत राहायच्या, विधवा होत्या, चौदा वर्षं तिथं बाटल्या भरत होत्या.

"पिंपातला माल चोरून विकतेस आणि वर नळाचं पाणी घालतेस," तो म्हणाला. सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उपडी केली. भाकरी, फणी, लुगड्याचा तुकडा जमिनीवर पडला. व्हिनेगरचा टिपूसही निघाला नाही, तरी त्यांना गेटबाहेर काढलं. चिंतामणराव दारात उभे होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आत्या हे सगळं बघत होती. तिनं बाटल्यांवरचा पिंपाचा नंबर वाचला. या पिंपाचा नमुना तिला करू दिलेला नव्हता; "हे मी बघतो," असं चिंतामणराव म्हणाले होते. रजिस्टरात त्यापुढे चौदा लिहिलं होतं.

पिंप भरलं की, ते बाटल्यांकडे जाण्याआधीच, त्याच्या दोन नमुन्याच्या बाटल्या लाखेनं बंद करून लॅबच्या फळीवर ठेवत. आत्यानं त्यातली एक फोडली. आठ सी.सी.ला गुलाबी झालं. तिनं ब्युरेट धुतली, पुन्हा केलं. आठ. तिसऱ्यांदा, आठ आणि एक थेंब.

म्हणजे पाणी कमलाबाईंच्या हातात पिंप येण्याआधीच पडलेलं होतं, आणि चौदा हा आकडा कुणी मोजलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मॅनेजरला लॅबमध्ये बोलावलं आणि आठचा आकडा सांगितला. बाटल्या भरणाऱ्या बायका तिच्या मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या.

"भांडी धुणारीनं आम्हाला शिकवायचं नाही," मॅनेजर म्हणाला.

"तुझं कॉस्टिक शिळं झालं असेल, बकुळा," चिंतामणराव हळूच म्हणाले.

"शिळं कॉस्टिक कमजोर पडतं, साहेब. मग आकडा वाढतो, उतरत नाही. तुम्हीच सांगितलंत." तिनं दुसरी बाटली त्यांच्यासमोर आपटली. "ही बंद आहे. लाख तुमची, सही तुमची. करा तुम्ही."

नाही म्हणायला जागा नव्हती. चिंतामणरावांना पिपेट दोनदा भरावी लागली. चंबू गुलाबी झाला.

"किती?"

ते ओठातल्या ओठात पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा. पिशवी मोठ्यानंच उपडी केली होती."

"आठ."

"रजिस्टरात?"

"चौदा."

आत्याचा आवाज चढला. "रोज न्याय मागायला सभेला जाता ना? काल ती बाई भाकरी गोळा करत होती तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"वरून सांगितलं होतं गं. मला दोन मुली आहेत."

"कमलामावशीला तीन आहेत."

संध्याकाळीच कमलाबाईंना परत यायचा निरोप गेला. त्या सकाळी आल्या, पण गेटातच थांबल्या. "चोर सगळ्यांसमोर म्हणालात. आता चोर नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगा." मॅनेजर हसून आत गेला. मग बाकीच्या बायकाही बाहेर येऊन बसल्या. दोन दिवस एकही बाटली भरली गेली नाही. तिसऱ्या दिवशी तो आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "कमलाबाईंनी चोरी केली नव्हती." तेव्हा त्या उठल्या.

पाणी कुणी घालायला लावलं याची चौकशी झालीच नाही. आठ दिवसांनी आत्याला कागद मिळाला: लॅबमधली जागा रद्द. चिंतामणराव होते तिथंच राहिले. आजोबा दीड वर्षापूर्वी नागपुरात दीक्षा घेऊन आले होते, त्यांनी तो कागद वाचून घेतला आणि म्हणाले, "बरं झालं. उद्यापासून कॉलेजचं बघ." आत्यानं सकाळचं कॉलेज धरलं, पुढे परळच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये लागली.

साठच्या मे महिन्यात परळ नाक्यावर तिला चिंतामणराव दिसले. हातात पेढ्यांचा पुडा, डोळे भरलेले. "बकुळा, मुंबई मिळाली आपल्याला!"

तिनं पेढा घेतला. मुंबई तिलाही हवी होती. "हा राज्याचा झाला," ती म्हणाली. "कमलामावशीचं काय? तिची माफी मागितलीत?"

"आता इतक्या दिवसांनी..."

"लालबाग इथून दहा मिनिटांवर आहे. चला, मी येते बरोबर."

त्यांनी पुड्याची सुतळी पुन्हा बांधली, घड्याळ बघितलं आणि रस्ता ओलांडून निघून गेले. चाळीस वर्षांनी हे सांगतानाही तिचा आवाज चढायचा.