खरखर काढलेली रेकॉर्ड

माझे मामा किन्हीराजा गावचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, वाजवायचे. लढाई संपल्यावर दोन वर्षं मुंबईच्या एका हॉटेलात होते, साहेब लोकांच्या नाचासाठी जॅझ वाजवणाऱ्या बँडमध्ये. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नसे. धम्म स्वीकारल्यावर आमच्या लोकांनी ठरवलं होतं, आता दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाही, लग्नात नाही की सणात नाही. मामांचं वाजवणं खरं तर त्यातलं नव्हतं. तरी त्यांनी कॉर्नेट कामठीच्या एका जुन्या सोबत्याला देऊन टाकलं आणि शेतीला लागले. चार रेकॉर्डी तेवढ्या ठेवल्या; मामा त्यांना तवे म्हणत. त्या ट्रंकेत फौजेच्या कोटात गुंडाळलेल्या असत. वाजवायला घरात काही नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी कारंज्याला बँकेत लागलो, खोली घेतली आणि पहिल्या वर्षातच रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याची सुई फिरवली की जुन्या जाड रेकॉर्डीही वाजत. मामांना निरोप गेला तसे पुढच्याच रविवारी ते एसटीनं आले. पिशवीत त्या चार रेकॉर्डी, मधे मधे वर्तमानपत्र घातलेलं. तीन विलायती होत्या. चौथी त्यांच्या हॉटेलच्या बँडची. ती लावली तेव्हा मामा खाटेवर ताठ बसले. अर्ध्याच्या पुढं गाणं गेलं आणि त्यांनी बोट वर केलं.

"हा मी," ते म्हणाले.

दहा-बारा सेकंदांचा तुकडा असेल. मग बाकीचा बँड आला आणि मामा त्यात मिसळून गेले. मी म्हणालो, "भारी वाजवलं मामा." ते हसले. जाताना म्हणाले, "राहू दे तुह्यापाशीच. तिकडं पडूनच राह्यतात."

त्या चार रेकॉर्डींनी मला जॅझचा नाद लावला. आमच्याकडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक होते, नागपूरचे. त्यांनाही तोच नाद निघाला. त्या सुमारास जुनी गाणी लाँगप्ले रेकॉर्डवर नव्यानं निघत होती. वर छापलेलं असे की आवाज स्वच्छ केलाय, आता दोन्ही स्पीकरांतून वेगवेगळं ऐकू येईल. नागपूरच्या जुन्या बाजारात मूळ रेकॉर्ड सापडली आणि तिचीच नवी आवृत्ती हाती आली की आमचा रविवार ठरलेला. आधी जुनी लावायची, मग नवी, मग परत जुनी. प्राध्यापकांनी एक वही केली होती. डाव्या पानावर जुनीबद्दल, उजव्यावर नवीबद्दल. खरखर किती, ढोलाचा आवाज दबतो का, पियानो कुठल्या बाजूला बसवलाय. एका लाँगप्लेबद्दल मी लिहिलं होतं की बँड न्हाणीघरात वाजतोय असं वाटतं. ते वाक्य प्राध्यापकांना फार आवडलं होतं. आपण बारीक ऐकतो, असा मला त्या वहीमुळे गर्व झाला होता.

मग प्राध्यापकांच्या ओळखीतल्या मुंबईच्या एका संग्राहकाचं पत्र आलं. मुंबईच्या जुन्या हॉटेल बँडांची एक लाँगप्ले निघाली होती. गाण्यांच्या यादीत मामांच्या रेकॉर्डचं नाव होतं. त्या गृहस्थांना ती मूळ रेकॉर्ड हवी होती. तिच्या बदल्यात ते नवी लाँगप्ले आणि शिवाय पाच अमेरिकन रेकॉर्डी द्यायला तयार होते. त्या पाचांची नावं वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होतो. तशा रेकॉर्डी कारंज्यात कधी कोणी पाहिल्या नसत्या.

मी किन्हीराजाला गेलो. मामा तुरीत होते.

"मामा, तुमच्या त्या तव्याची नवी लाँगप्ले निघाली. खरखर काढून टाकली त्यातली. एकदम साफ."

"बरं झालं. मंग?"

"मुंबईचा एक जण जुना तवा मांगून राह्यला. बदल्यात मले चांगल्या रेकॉर्डी देते."

मामांनी हातातलं गवत बांधावर टाकलं. "नव्यात सगळं हाय ना?"

"सगळं हाय."

"मंग देऊन टाक. घासलाच हाय तो आता."

नवी लाँगप्ले तोवर मी ऐकलेली नव्हती. फक्त यादीतलं नाव वाचलं होतं.

मी मामांची रेकॉर्ड मुंबईला पाठवली. तिकडून पार्सल आलं त्या संध्याकाळी आधी अमेरिकन रेकॉर्डी ऐकून झाल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईची लाँगप्ले लावली आणि वहीत उजव्या पानावर लिहिलं: आवाज मोकळा, खरखर जवळपास नाही, पियानो आता स्पष्ट. प्राध्यापकांनी खाली लिहिलं, सहमत.

मामा पुढच्या रविवारी आले. धुतलेला सदरा घालून आले होते. मी त्यांना दोन्ही स्पीकरांच्या मधे खुर्ची दिली. गाणं सुरू झालं तसे ते मान हलवू लागले. मधे एकदा थोडे पुढं झुकले. मग तसेच राहिले. गाणं संपलं.

"बाबू, हे दुसरं हाय," ते म्हणाले.

"दुसरं कसं? नाव तेच हाय मामा."

"नाव तेच हाय. यात मी नाही."

मी परत लावलं. जिथं त्यांचा तुकडा होता तिथं पियानो वाजत होता, तोच पियानो, ज्याला मी स्पष्ट म्हटलं होतं. मी ते आदल्या आठवड्यात तीनदा ऐकलं होतं. काही गेलंय, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"साफ हाय पण," मामा म्हणाले. चहा घेतला, आईची तब्येत विचारली, आणि तीनच्या गाडीनं परत गेले.

प्राध्यापकांनी सांगितलं की त्या काळी एकच गाणं दोन-तीनदा वाजवून घेत आणि त्यातलं एक निवडत. नवी रेकॉर्ड काढणाऱ्यांच्या हाती दुसरंच लागलं असेल. त्यांनी त्याच दिवशी मुंबईला पत्र टाकलं. मी अमेरिकन रेकॉर्डी परत करायला तयार होतो. उत्तर महिन्यानं आलं. संग्राहकांनी ती रेकॉर्ड एका परदेशी पाहुण्याला देऊन टाकली होती आणि पाहुण्याचा पत्ता त्यांच्याजवळ नव्हता. मी रजा काढून मुंबईला गेलो, चोरबाजारात तीन दिवस फिरलो. रेकॉर्डींच्या ढिगापुढं उकिडवं बसून एकेक काढून पाहिली. दुसरी प्रत मिळाली नाही. एका दुकानदारानं सांगितलं, अशा हॉटेलवाल्यांच्या फार थोड्याच प्रती काढत.

परत आल्यावर वही काढली. मामांची रेकॉर्ड आम्ही निदान पंधरा-वीस वेळा लावली असेल, प्लेअर जुन्या रेकॉर्डीला कसा चालतो ते तपासायला आम्ही तीच वापरायचो. डाव्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: खरखर बरीच, मधे एक ओरखडा, ढोल दबलेला. कॉर्नेटबद्दल एक शब्द नव्हता. मी डोळे मिटून तो तुकडा आठवायचा प्रयत्न केला. ओरखड्याची टक-टक आठवली. तिच्या मागं मामा काय वाजवत होते ते आठवलं नाही. प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "मला वाटतं छान होतं."

पुढं त्यांची बदली झाली. मी एकट्यानं रेकॉर्डी लावत राहिलो, पण तुलना करणं सोडलं.

मामांनी या गोष्टीवरून मला कधी बोल लावला नाही. मी बोलायला गेलो की ते विषय बदलत. दोन वर्षांनी त्यांना दम्याचा त्रास वाढला म्हणून मी त्यांना कारंज्याच्या डॉक्टरकडे आणलं. दवाखान्यात बाकावर नंबरची वाट पाहत बसलो होतो. तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं.

"तो तवा तू किती खेपा ऐकला असशील?"

"लय खेपा, मामा."

"मले आता नीट आठवत नाही. आमचा बँडमास्तर म्हने, शेवटी सूर खालीच ठेव, वर जाऊ नको. मी ऐकत नव्हतो कधी कधी. त्या दिवशी वर गेलो होतो का, का खालीच ठेवलं होतं?"

ते खरोखर विचारत होते. हे सांगू शकेल असा माझ्याशिवाय दुसरा माणूस नव्हता.

"वर गेले होते," मी म्हणालो.

"मले वाटेच," मामा म्हणाले, आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला मास्तर कसा चिडायचा ते सांगू लागले. त्यांना मधे मधे धाप लागत होती, तरी ते सांगत राहिले. मी समोरच्या भिंतीकडे पाहत बसलो. नंबर आला तेव्हा त्यांना हात दिला.