पाझर तलावाची हजेरी

सुजाताचा फोन आला तेव्हा मी लातूरला बँकेत हयातीचा दाखला देण्यासाठी रांगेत उभा होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. पुढचा माणूस सरकला, मीही सरकलो. खिडकीतल्या बाईनं सही कुठं करायची ते दोनदा दाखवलं. लिंबाजी गेला त्या दिवशी, मी जिवंत आहे असं लिहून देऊन मी घरी आलो... त्याला आता दीड महिना झाला. जेवताना, पेपर वाचताना, कुणी हाक मारली तरी लिंबाजी समोर उभा राहतो. तो रागावलेला असता तर मी निभावून नेलं असतं, पण तो नुसता बघतो.

सगळ्यांना तो माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून सांगतो. लिंबाजी माझा बालमित्र. नांदेडहून विष्णुपुरीला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं टपरीवजा दुकान होतं. आधी टाइपरायटर, नंतर कॉम्प्युटर. पहिल्या नोकरीच्या शोधातल्या पोरापोरींना तो बायोडाटा करून द्यायचा. आपल्याकडे अर्जात 'अनुभव' या रकान्यापुढं 'निरंक' लिहून मोकळं व्हायची पद्धत. या शब्दाची लिंबाजीला भारी चीड. एकदा मी दुकानात बसलो असताना हिमायतनगरकडची एक मुलगी आली. तो विचारत गेला. "घरी काय करतीस?" "काही न्हाई, सर." "गावात टँकर येतो का?" "येतो की." "घागरींची रांग कोण लावतं?" "मीच." "भांडणं लागली तर?" "मीच मिटवते, दुसरं कोण हाय?" लिंबाजी चष्मा काढून म्हणाला, "आन् वर म्हणतीस काही न्हाई!" मग त्यानं टाइप केलं : टंचाईच्या काळात वस्तीच्या पाणीवाटपाची व्यवस्था पाहिली. मुलगी लाजून हसली, पण कागद हातात घेतल्यावर जरा ताठ बसली. सगळं एका पानात आटपायचं आणि दुसऱ्याचं एक अक्षर उचलायचं नाही, हे दोन नियम तो प्रत्येकाला बजावायचा. दुसरा नियम सांगताना मी समोर असलो, तर तो माझ्याकडे बघायचं टाळायचा.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. तेच सुजाताला सांगायला मी नांदेडला गेलो होतो, आणि न सांगता परत आलो.

किल्लारीच्या बाजूचं आमचं गाव. बौद्धवाड्यात मॅट्रिक झालेले आम्ही दोघंच. पाऊस दोन वर्षं फिरकला नाही तेव्हा गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं, आणि आमची घरंच्या घरं तिथं खोदायला गेली. मुकादम अंगठेबहाद्दर होता. त्यानं लिंबाजीचं अक्षर पाहिलं आणि हजेरीपट त्याच्या मांडीवर टाकला. माझा आवाज मोठा, म्हणून मी दगडावर उभा राहून नावं पुकारायचो आणि खाली बसून लिंबाजी लिहायचा. सारख्या नावाच्या तीन-तीन बाया असायच्या, पण त्यानं कधी एकीची हजेरी दुसरीच्या नावावर पडू दिली नाही. माझ्या आईची एकदा चुकून लागली नव्हती, तर त्यानं मुकादमाशी भांडून ती लावून घेतली.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या खुर्च्या, कारकुनांच्या जागा... वाड्यात दुसरा विषय नव्हता. लिंबाजीनं आम्हा दोघांचेही अर्ज फुलस्केपवर लिहिले. स्वतःच्या अर्जात त्यानं लिहिलं : पाझर तलावाच्या कामावर मजुरांचा हजेरीपट लिहिला. माझ्यासाठी लिहिलं : त्याच कामावर रोज मजुरांची नावं पुकारून हजेरी घेतली. मला ते वाचून शरम वाटली. नावं पुकारायला काय, दवंडीवालाही पुकारतो! घरी येऊन मी अर्ज पुन्हा उतरवला आणि माझी ओळ गाळून त्याची ओळ घेतली. त्याला काही बोललो नाही. दोन्ही अर्ज एकाच साहेबाच्या टेबलावर जाणार, एवढं साधं माझ्या टाळक्यात आलं नाही.

मुलाखतीला साहेबानं दोघांना एकदमच आत बोलावलं. दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. "एक गाव, एक तलाव, एक हजेरीपट आणि लिहिणारे दोन? तुमच्यातला कोण खोटं बोलतोय?" लिंबाजीनं वाकून माझा अर्ज वाचला. मग माझ्याकडे बघितलं. तसंच तो आता रोज बघतो... "त्यानं लिहिला, साहेब," तो म्हणाला. "मी नुसती नावं पुकारत होतो. मव्हं चुकलं." साहेबानं त्याच्या कागदावर लाल रेघ मारली आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. मी तिथंच उभा राहिलो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता, पण मी नोकरी घेतली.

बाहेर आल्यावर तो मला मारील असं वाटलं होतं. त्यानं मला बसस्टँडवर नेलं, बाकावर बसवलं आणि विचारलं, "हजेरीपट आखता येतो का?" मी मान हलवली. "मग शीक. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी तेच पुढ्यात टाकतील. तवा काय सांगशील?" पाठकोऱ्या कागदावर त्यानं मला रकाने आखून दाखवले, खाडे कसे दाखवायचे, बेरीज कुठं घ्यायची, सगळं. गावाकडं जाणारी आमची जीप भरून निघून गेली तरी तो शिकवत होता. मला रडू येत होतं आणि तो म्हणत होता, "इकडं बघ, चित्त कुठं हाय तुव्हं?" त्यानंतर तो नांदेडला बहिणीकडे गेला तो तिकडचाच झाला. मी कारकुनाचा हेडक्लार्क झालो. रोज सकाळी मस्टरवर सही करताना पेन उचललं की त्या बाकाची आठवण यायची. दोन-तीनदा मी विषय काढला, पण तो दर वेळी "चहा घे" म्हणाला.

लिंबाजीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दुकानासमोर मांडव घातला होता. वंदना झाली. कुठून कुठून माणसं आली होती. कुणी शिक्षक झालेलं, कुणी नर्स, कुणी तहसीलमध्ये. प्रत्येक जण उठून सांगत होता की सरांनी माझ्या कागदावर अमुक लिहिलं. मलाही बोलायला उभं केलं. मी दोन मिनिटं त्याच्या चांगुलपणावर बोललो आणि बसलो, माझीच मला किळस आली. गर्दी पांगल्यावर सुजातानं मला दुकानात नेलं. आता दुकान तीच चालवते. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर मला बसवून ती समोर, बापाच्या जागी बसली.

"काका, बाबा पोरांना एक गोष्ट सांगायचे. त्यांच्या ओळखीच्या एकानं दुसऱ्याचं काम आपलं म्हणून लिहिलं, नोकरी लागली, पण तो आयुष्यभर सुखानं जेवला न्हाई. मी लई खेपा विचारलं, कोण तो? म्हणायचे, लई चांगला माणूस हाय, नाव कामून पाहिजे? काका, तुम्हाला माहीत हाय का?"

माझ्या बायकोलाही जे दिसलं नाही ते त्याला इतकी वर्षं दिसत होतं...

"नाही गं," मी म्हणालो. तिनं मला चहा दिला. मी तो प्यायलोही.

सुजाता, हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी नांदेडला येते. तुझ्या दुकानातही येते, मी पाहिली आहे. तुझ्या बापानं शेवटपर्यंत ज्याचं नाव घेतलं नाही, तो मी आहे. हजेरीपट लिंबाजीनं लिहिला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी नुसती नावं पुकारत होतो.