मागच्या दाराचा लाकूडवाला

आल्फहिल्डकडे रोज दुपारी मागच्या दारानं कुणी बाप्या येतो, कॉफी पिऊन जातो आणि मग पुढच्या दारानं नवरा येतो, अशी बोलवा आमच्या डालार्ना प्रांतभर झाली होती. बाई पंचाहत्तरीची. बातमी खमंग, पण खोटी. बाप्या आणि नवरा एकच होते, आमचा शेजारी हाल्वार.

हाल्वारचा जन्म सॉ मिलमध्ये गेला, आल्फहिल्डचा तळघरातल्या भट्टीत लाकडं सारण्यात. मग तिला विसराळूपणाचा आजार जडला. भट्टीचं दार उघडं राहून निखारे जमिनीवर आले, तेव्हा हाल्वारनं घाबरून सगळ्यांनी केलं तेच केलं. सफरचंदाच्या झाडामागच्या खडकात खोल भोक पाडून नळी सोडली. हिवाळ्यात जमिनीतली ऊब घरात, उन्हाळ्यात गारवा. तळघरात ती ऊब खेचणारं, कपाटाएवढं एक पांढरं गुणगुणणारं यंत्र. विस्तव नाही, धूर नाही.

तिथंच घात झाला. घर उबदार, पण आल्फहिल्ड कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसायची. "मला घरी सोडा. इथं चूल पेटत नाही, इथं कुणी राहत नाही."

म्हणून हाल्वारनं जुनी भट्टी ठेवली. रोज बर्चची लाकडं मागच्या दारानं आणायचा. ती थंड भट्टी भरायची, वर येऊन गरम हीटरला हात लावायची, "पेटलं बरं का," म्हणत कोट काढायची. ती झोपली की हा लाकडं परत काढायचा.

"एका मोळीत अख्खा हिवाळा काढणारा तूच रे," मी म्हणायचे.

पुढं तिला तो ओळखू येईना. "बसा, कॉफी घ्या. पण लवकर निघा हं, हाल्वार यायची वेळ झाली."

कॉफी पिऊन तो मागून बाहेर पडायचा, टोपी काढून पुढून आत यायचा.

"आलास? आत्ताच लाकूडवाला गेला. भला माणूस, पण अगदीच मुखदुर्बळ."

फेब्रुवारीत पुढचं दारही चालेना. "तुम्ही पुन्हा? हाल्वार नाही भेटला वाटेत?"

"भेटला. येतोय," म्हणून तो बसून राहिला.

मार्चमध्ये ती गेली. हात लाकूडवाल्याच्या हातात, डोळे दाराकडे.

दफनानंतर सगळे कॉफीला बसलो. मला राहवेना. म्हटलं, "शेवटी लाकूडवालाच जिंकला म्हणायचा, हाल्वार."

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "त्याला कॉफी मिळाली. वाट ती माझी बघत होती."