फळ्यांखालचा माग

जन्मभर घोंगड्या विणलेल्या माझ्या बापाच्या खांद्यावर त्यांनी गिरणीचं ब्लँकेट टाकलं. लाल रंगाचं. शाळेच्या पटांगणात, लाऊडस्पीकर लावून, सगळ्या गावासमोर.

टाकणारा दुष्काळ निवारण समितीचा अध्यक्ष. फोटो काढायला मुद्दाम साताऱ्याहून माणूस आणलेला. पहिला फोटो त्याच्या मनासारखा आला नाही, म्हणून त्याने आबांना ब्लँकेट परत द्यायला लावलं आणि पुन्हा घ्यायला लावलं.

"म्हातारबा, हात जरा पुढं पसरा. साहेबांकडं बघा. हां, असं."

आबांनी हात पसरले. आयुष्यात पहिल्यांदा. पंचावन्न वर्षांचा माणूस, जो बाजारात गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर उत्तर न देता घोंगडीची घडी घालायला लागायचा, तो फोटोसाठी हात पसरून उभा होता. बायकांच्या रांगेत माझी आई होती. तिच्या हातात कुणाचं तरी वापरलेलं लुगडं. पदराला हळदीचा जुना डाग. ऊसवाल्या गावांतून ट्रक भरून कपडे आले होते आणि ते देणाऱ्यांची नावं स्पीकरवर वाचून दाखवत होते. घेणाऱ्यांची नावं वाचायची गरज नव्हती. ते समोर उभेच होते.

मी एकोणीस वर्षांची होते. रांगेत नव्हते. भिंतीला टेकून बघत होते, आणि मला सगळं माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी आमच्या घरात काय झालं ते मी पाहिलं होतं आणि तोंड मिटून बसले होते.

ते आधी सांगते.

आमचं गाव म्हसवडच्या पलीकडं, माणदेशात. मेंढरांचं गाव. माझ्या घरात पुरुष विणायचे, बायका लोकर पिंजायच्या, सूत कातायच्या. मी सूतही कातायचे आणि बाजारही करायचे, कारण आबांना घासाघीस जमत नव्हती आणि मला दुसरं काही जमत नव्हतं. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून मी आबांबरोबर बाजारात बसत होते. गिऱ्हाईक कोणत्या आकड्याला अडकणार ते त्याच्या चेहऱ्यावरून सांगायचे. सिद्धनाथाच्या जत्रेत आमच्या दहा घोंगड्या खपल्या तर त्यातल्या आठ माझ्या तोंडाने खपायच्या.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसरं वर्ष गेला. मेंढरं काही मेली, उरलेली घेऊन धनगर कोकणाकडं उतरले ते तिकडंच राहिले. लोकर बंद. माग बंद. आबांनी मागावरचं सगळं सोडलं, लाकडं आणि दोऱ्या एकत्र बांधून आढ्याला टांगून ठेवल्या. घोंगडीचा माग म्हणजे काय असतो हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत मांडीएवढा खड्डा. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. बाकी सगळी लाकडं आणि दोऱ्या. सोडून ठेवली की मागे फक्त खड्डा उरतो.

त्या उन्हाळ्यात सरकारची योजना आली. ज्यांचा छोटा धंदा दुष्काळाने बसला त्यांना माल घ्यायला पैसे मिळणार होते. कुंभार, चांभार, विणकर, सगळ्यांना. पण धंदा खरा आहे हे समितीने घरी येऊन बघायचं आणि शिफारस करायची. शिफारस झाली तर लोकर येणार, माग चालू होणार. नाही झाली तर आम्ही निराधारांच्या यादीत. म्हणजे जुने कपडे आणि खडी फोडायचं काम. आमच्यासाठी सगळा फरक एवढाच होता.

समिती येणार म्हणून आईने आदल्या दिवशी घर सारवलं. आणि इथं आम्ही ती चूक केली, जी आमच्यासारखी माणसंच करू शकतात. एवढी मोठी माणसं घरी येणार, बसवायचं कुठं? आमच्या घरात सपाट, मोठी, थंड जागा एकच. मागाची. आईने खड्ड्यावर दोन फळ्या टाकल्या आणि वर आमची सगळ्यात चांगली घोंगडी अंथरली. काळीभोर, पांढऱ्या काठाची. आबांनी ती माझ्या लग्नासाठी विणली होती आणि लग्न दुष्काळामुळं लांबलं होतं. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून आम्ही आमचा धंदाच झाकून ठेवला.

ते पाचजण आले. तालुक्याचे साहेब, त्यांचा कारकून, समितीचे दोन मेंबर आणि अध्यक्ष. अध्यक्षाला गाव नाना म्हणायचं. राहायला आमच्या गावात, पण ऊस कराडकडं, कालव्याच्या पाण्यावर. दुष्काळ त्याच्या घराच्या दारापर्यंत येत होता आणि तिथून परत जात होता. आईने टँकरवर तासभर भांडून आणलेली घागर दारात ठेवली होती. पाचहीजणांनी त्या पाण्याने पाय धुतले. चांगले चोळून धुतले.

मग ते घोंगडीवर बसले.

"धंदा काय?" साहेबांनी विचारलं.

"घोंगड्या विणतो जी," आबा म्हणाले.

"यंत्र कुठं आहे?"

"माग हाय की. आवरून ठेवलाय. लोकर न्हाई न्हवं."

"दाखवा."

आबांनी घोंगडीकडं पाहिलं. साहेबांकडं पाहिलं. मग वर आढ्याकडं बोट केलं. "त्यो बगा. त्यो समदा मागच हाय."

साहेबांनी मान वर केली. "ही लाकडं?"

आणि नाना हसला. "जळान असंल, रावसाहेब. आता कुठला माग आन् कुठलं काय! मेंढरं गेली, लोकर गेली. लिवा, धंदा बंद."

तो बोलताना मागं रेलला तशी त्याच्या बुडाखालची फळी करकरली. मी ऐकलं. त्यानेही ऐकलं. त्याने फळीवर तळहात टेकवला, जरा दाबून बघितला आणि हात मांडीवर घेतला. त्याला माहीत होतं. लहानपणापासून तो आमच्या घरी येत होता. त्याच्या बापाची घोंगडी, त्याच्या लग्नातली घोंगडी याच खड्ड्यात पाय सोडून आबांनी विणली होती. तो आमच्या मागावर बसून सांगत होता की यांच्याकडं माग नाही.

मी तोंड उघडलं. "सायेब, माग तुमच्या..."

आबांनी माझ्याकडं बघितलं. बस. एवढंच.

कारण आमच्यात घोंगडीवर बसलेल्या माणसाला ऊठ म्हणत नाहीत. पंच बसतात घोंगडीवर. सोयरीक जुळते घोंगडीवर. वैरी जरी येऊन बसला तरी तो आपणहून उठेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. आबांना वाटलं, हे साहेबालाही माहीत असेल. आबांना वाटलं, नाना आता स्वतःच उठेल, हसून म्हणेल, थांबा, दाखवतो तुम्हाला माग. माझ्या बापाची समजूत अशी होती की मान देणाऱ्याचा मान ठेवतात.

कारकुनाने लिहिलं. बिनदुधाचा चहा पिऊन ते गेले. जाताना साहेबांनी घोंगडीवर हात फिरवून विचारलं, "छान आहे. कुठून घेतली?"

ते गेल्यावर मी आबांवर ओरडले. "बोलला का न्हाई?"

"बसलेल्याला उठवू व्हय गं?" ते म्हणाले. "आपल्याच दारात?"

विणकराच्या वाट्याची शिफारस गेली नानाच्या भाच्याला. सायकलीचं दुकान. आठवडाभरापूर्वी रंगवलेली पाटी आणि आत एक सायकल, तीही नानाची. पाटी होती ना. साहेबांना पाटी वाचता येते. खड्डा वाचता येत नाही.

तर मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी होते आणि आबांच्या खांद्यावर लाल ब्लँकेट होतं. मी रांग मोडून पुढं गेले. ब्लँकेट ओढून घेतलं, चुरगाळलं, उन्हात धरून बघितलं. धंद्याची सवय, आपोआप हात गेला. लोकर नावालासुद्धा नव्हती. पलीकडचं पटांगण दिसत होतं. आमच्या घोंगडीची झोळी करून तिच्यात पाणी ओतलं तर लवकर खाली टिपकत नाही. तिथल्या तिथं करून दाखवलं असतं. पण त्या वर्षी तांब्याभर पाणी एवढं स्वस्त नव्हतं की अशा माणसांच्या अकलेवर ओतावं.

मग मी स्टेजकडं पाहिलं. स्टेजवर खुर्च्या नव्हत्या. सगळे मोठे लोक, फोटो उरकून वर गेलेला नानासुद्धा, भारतीय बैठक मारून बसले होते. त्यांच्या बुडाखाली काळीभोर घोंगडी. पांढऱ्या काठाची.

सकाळी कोतवाल येऊन घेऊन गेला होता. साहेबांना बसायला पाहिजे म्हणून. आईने दिली होती. मी घरात नव्हते.

मी स्टेजवर चढले. स्पीकर चालू होता, म्हणून मी बोलले ते वेशीपर्यंत गेलं.

"उठा."

कुणाला कळलं नाही. साहेब माझ्याकडं बघत राहिले.

"उठा. घोंगडं आमचं हाय. मला न्यायचंय."

खाली आबा म्हणाले, "ए पोरी." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी मागं वळून पाहिलं नाही. वळले असते तर उतरले असते.

साहेब पहिल्यांदा उठले. गडबडून, बूट शोधत. मग मेंबर. नाना बसून राहिला. हसत.

"बापाची लाज राख, पोरी," तो म्हणाला.

"बापानं त्या दिवशी राखली. तुमची. आता उठा."

तो उठेना. मी घोंगडीचं टोक धरलं आणि ओढलं. उठला. अध्यक्ष होता, पडायचं नव्हतं त्याला. मी घडी घातली, खांद्यावर टाकली आणि लाल ब्लँकेट जिथं घोंगडी होती तिथं ठेवलं.

"ह्याच्यावर बसा. मापात हाय तुमच्या."

साहेबांना म्हणाले, "चला, माग दावते. त्या दिवशी तुमी त्याच्यावरच बसला व्हता. फळ्या काढते, आत बगा."

साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले, "यादी वर गेली आहे. आता बदल होत नाही. पुढच्या वर्षी अर्ज करा." तेवढं बोलून त्यांनी स्पीकर बंद करायला सांगितला. इतका वेळ कुणाला ते सुचलं नव्हतं.

मला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गावाने मलाच शिव्या घातल्या. घोंगडीवरून पंच उठवले म्हणून. ठरलेली सोयरीक मोडली, निरोप नानाच्या घरातल्या माणसानेच आणला. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ते सरळ खडी फोडायला गेले, आई आणि मीही गेलो. दोन वर्षं फोडली. दगडाच्या कपच्यांनी आबांच्या बोटांचे शेंडे असे झाले की सूत हातात आलं तरी त्यांना ते कळेना. तुटलेला धागा न बघता शोधणारी बोटं होती ती. सरकारी कागदावर त्याला रोजगार म्हणतात.

पाऊस आला, मेंढरं आली. ती लग्नाची घोंगडी मी कराडच्या बाजारात एका व्यापाऱ्याला विकली. त्याने जो भाव सांगितला त्यावर मी हसले, त्याने वाढवला, मी घडी घालायला लागले, त्याने आणखी वाढवला. शेवटच्या आकड्याला मी दिली आणि परत येताना लोकर घेऊन आले. मग आढ्यावरचं "जळान" खाली उतरवलं. आमच्यात बाई मागावर बसत नव्हती. मी बसले. आबा शेजारी बसून तोंडाने सांगायचे, हातांना दाखवता येत नव्हतं. विणायला शिकायला मला वर्ष लागलं. आज माझ्याकडं तीन माग आहेत. जतकडून मी लोकर उचलते आणि तिथल्या मेंढपाळांशी त्यांच्या कानडीत भांडते. सरकारचा एक पैसा यात नाही. त्या नानाचा तर नाहीच. तरी तो लोकांना सांगतो, ही आमच्या गावची प्रगती.

गेल्या आठवड्यात त्याचा माणूस आला. नवी योजना निघाली आहे, छोट्या धंद्यांना मदत, आणि वरून सांगितलंय की गावाचा सहभाग पाहिजे. समितीत एक बाई पाहिजे आणि एक कारागीर पाहिजे. मी दोन्ही रकाने एकदम भरते. एक जागा वाचली, तिथं नानाचा भाचा बसेल.

"निस्ती सही करायची, आक्का," तो म्हणाला. "तुमाला कुठं फिरायला लागनार न्हाई. आन् नाना म्हनले, मीटिंगला बसाय दोन घोंगडी धाडा."

माझ्या घरात तो उभा होता. माझ्या घरात सगळे उभेच असतात. मागावरच्या फळ्या मी माग उभा केला त्याच वर्षी चुलीत घातल्या. खड्डे उघडे आहेत, तिन्ही. आलेला माणूस आधी खड्डा बघतो, मग पाणी मागतो.

"घोंगडं उसनं मिळत न्हाई," मी म्हणाले. "इकत हाय. भाव नानाला परवडनार न्हाई. सहीचं म्हनशील तर आधी प्रत्येक घरात मी येनार, मग सही."

"समदी घरं फिरनार?"

"समदी."

तो गेला. नाना नाही म्हणेल असं मला वाटत नाही. दोन रकाने भरणारी दुसरी बाई त्याला गावात मिळणार नाही, आणि हे मला त्याच्या आधी माहीत आहे.

मी त्या समितीत जाणार आहे. आबा नको म्हणतात. अजूनही त्यांना स्टेजवरची ती गोष्ट रुचलेली नाही, आणि मी त्यांना समजवायचं सोडून दिलंय. कुंभाराच्या घरी जाऊ, चांभाराच्या घरी जाऊ, ज्यांची नावं घ्यायला नानाला लाज वाटते त्यांच्या घरी आधी जाऊ. कुणाच्या दारात पाय धुवायचे नाहीत. कुणाचा चहा प्यायचा नाही. कुणी काही अंथरलं तर ते उचलायचं आणि खाली काय आहे ते बघायचं. उभ्याने.

आणि समितीतला जो कुणी बसेल, त्याला मी उठवणार आहे. मला ते जमतं.