रूबेनच्या वहीतलं पहिलं पान

फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडच्या एका लॉन्समध्ये शिडीवर चढून भोंग्याची वायर जोडत होतो. शलोमीवहिनींचा, म्हणजे रूबेनच्या बायकोचा, आवाज अगदी शांत होता. "भावजी, हे गेले. सकाळी चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." खालून लग्नघरची माणसं माइक कधी चालू होणार म्हणून हाका मारत होती. मी वायर जोडली, हॅलो हॅलो करून पाहिलं आणि मगच खाली उतरलो. रूबेन असता तर तोही हेच म्हणाला असता, काम पुरं करून ये रे, मी कुठं पळून चाललोय. आज पाच आठवडे झाले. अजून दुकानाबाहेर मोटारसायकल थांबली की मान आपोआप वर होते.

ज्यांनी तरुणपणी कॅसेटी ऐकल्यात त्यांना कदाचित 'यरीहो' आठवत असेल. आम्ही चौघं नाशकातल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतली पोरं. रूबेन पाटोळे गायचा आणि गिटार वाजवायचा, मी बेस गिटार, बाकी दोघं ड्रम आणि कीबोर्ड. बायबलातल्या यरीहो शहराचा तट कर्ण्यांच्या आवाजानं कोसळला, म्हणून हे नाव. सराव आमच्या मागच्या खोलीत चालायचा. आई म्हणायची, "तुमच्या यरीहोचा तट पडेल तेव्हा पडेल, माझ्या भिंतीचा गिलावा मात्र रोज पडतोय." चर्चच्या पाळकसाहेबांनी आधी कानांवर हात ठेवले, मग तरुण मंडळी उपासनेला वेळेवर यायला लागल्यावर तेच हात टाळ्या वाजवू लागले. दोन-तीन वर्षांत आम्ही नगर, जालना, पुणे, मुंबई असे फिरायला लागलो. ख्रिस्ती गाणी आणि तीही रॉकच्या ठेक्यावर, मराठीत, हे लोकांना नवीन होतं. पोरं स्टेजसमोर उड्या मारायची आणि आम्हाला वाटायचं, आपण काहीतरी आहोत.

त्यातही एक गाणं होतं, 'दगड कोणी लोटला'. पहाटे बायका येशूच्या कबरेपाशी येतात आणि तिच्या तोंडावरचा भला मोठा दगड बाजूला सरलेला दिसतो, ती गोष्ट. रूबेन ओरडून विचारायचा आणि हजारो लोक उत्तर द्यायचे. शब्द त्याचे, चाल त्याची. सुरुवातीचे बेसचे चार सूर तेवढे माझे. त्या चार सुरांच्या जोरावर मी पुढं जे केलं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलोय. नाहीतर रूबेनबद्दल चांगलं बोलणारे नाशकात पुष्कळ आहेत.

एका नाताळात तो पेठच्या पुढच्या एका आदिवासी पाड्यावर गेला. वीज नव्हती म्हणून साधी गिटार घेऊन गायला. तिथून परत आला. आठवड्यानं सराव संपल्यावर म्हणाला, "विल्सन, मी एकट्यानं गायचं ठरवलंय. त्या बाजूला जाऊन."

"आणि ग्रुप?"

"ग्रुपमध्ये लोक नाचतात रे. मी काय म्हणतोय ते कुणाला ऐकूच जात नाही. मलाही नाही."

दुसऱ्या कॅसेटसाठी मुंबईचा स्टुडिओ नुकताच ठरला होता. माझा स्वभाव तापट, अजूनही आहे, बायको साक्षीला आहे. मी म्हणालो, "जा ना. कोण अडवतंय? पण 'दगड' इथंच ठेवून जा. ते गाणं ग्रुपचं आहे. पुन्हा तुझ्या तोंडून ऐकू यायला नको."

त्यानं गिटारची वायर कोपराभोवती नीट गुंडाळली, पिशवीत टाकली आणि म्हणाला, "ठेवलं." मग दारातून वळून आमच्या जुन्या ख्रिस्ती माणसांसारखा "सलाम" केला आणि गेला. मला वाटलं, चार दिवस. गाणं ज्याचं तोच गाणार नाही, असं कुठं असतं?

पण रूबेननं दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्याचा पहिला एकट्याचा कार्यक्रम नाशकातच झाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी लपूनछपून मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो होतो. आयोजकांनी पोस्टरवर 'यरीहोचा रूबेन' छापलं होतं, त्यातला 'यरीहोचा' त्यानं स्वतः काळ्या मार्करनं खोडलेला. तिसऱ्या गाण्यालाच लोक 'दगड, दगड' म्हणून ओरडायला लागले. तो माइकवर म्हणाला, "ते गाणं माझ्याकडे नाही." लोकांना वाटलं भाव खातोय. अर्धा हॉल उठून गेला. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरी येऊन मी चांगला पोटभर जेवलो.

त्यानंतर आमची वर्षं उलटसुलट गेली. आम्ही नवा गायक आणला. प्रत्येक कार्यक्रमात 'दगड' वाजवलं, पण उत्तर देणारे हळूहळू कमी होत गेले. ड्रमवाला पुण्याला नोकरीला लागला, कीबोर्डवाला संसाराला लागला, मी साउंड सर्व्हिसचं दुकान टाकलं. तिकडे रूबेन मोटारसायकलला बॅटरी आणि आवाज वाढवायचं लहानसं मशीन बांधून डोंगरातले पाडे पालथे घालत होता. मोठं नाव झालं नाही, पेपरात फोटो आले नाहीत. पण शंभराच्या वर नवी गाणी त्यानं केली, त्यांच्या बोलीतली. गिटारच्या जोडीला त्यांची फुंकून वाजवायची भोपळ्याची पावरी घेतली. पावरी आणि रॉक, ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं आणि मग पाय हलायला लागायचे. दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला उतरलेले मजूर ती गाणी गुणगुणतात, हे मी स्वतः ऐकलंय. बागेत कुणाच्या तरी साखरपुड्याचा माइक लावायला गेलो होतो. "कुणाचं रे हे?" विचारलं तर म्हणाले, "रूबेनभाऊचं. तुम्हाला म्हाईत नाय?"

अबोला मोडला तोही त्यानंच. एक दिवस सरळ दुकानात शिरला, मशीन काउंटरवर ठेवलं आणि कालच भेटल्यासारखा म्हणाला, "विल्सन, हमिंग येतंय बघ, नुसतं घूं घूं करतंय." मी पाना-पेचकस घेऊन बसलो. बारा वर्षांचं बोलणं तुंबलेलं, आणि आम्ही अर्थिंगवर चर्चा करत होतो. मग तो महिन्याला यायला लागला. कधी भोंगा फाटलेला, कधी माइकमध्ये पाणी. मला तर संशय आहे, काही वेळा तो मुद्दाम वायर तोडून आणायचा. चहा व्हायचा, माझ्या सुनेची चेष्टा व्हायची, द्राक्षाच्या भावावर बोलणं व्हायचं. 'दगड' हा शब्द मात्र दोघांनी कधी काढला नाही. मी दर वेळी ठरवायचो, आज म्हणायचं, घे बाबा तुझं गाणं परत. तो किक मारून निघून जायचा आणि मी स्वतःवर चरफडत बसायचो.

त्याची गाण्यांची वही तुम्ही पाहिली नसेल. झेरॉक्स काढून स्पायरल केलेली, निळ्या पुठ्ठ्याची. पाड्यापाड्यावर ती वाटलेली आहे. एक प्रत त्यानं मलाही दिली होती. पहिल्या पानावर वर नुसता '१' आणि खाली पान कोरं. गाणी दोन नंबरपासून सुरू. "हे काय?" विचारल्यावर म्हणाला, "छापायचं राहिलंय." मला काय ते कळलं, ती 'दगड'ची जागा होती. त्या रात्री मी पोटभर जेवलो नाही.

शेवटची भेट त्याच्या अंगणात. किडन्यांनी हात टेकले होते, पण गडी खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. वहिनी आत गेल्या तशी मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "रूबेन, ते दगडवालं गाणं... घे ना परत. वहीत छाप. मी चुकलो होतो रे."

तो माझ्याकडे बघून हसला. "आता कुठं ठेवू? त्याची जागा भरली."

"म्हणजे?"

"ये एकदा पाड्यावर, कळेल." आणि शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली. माझ्या मनानं मात्र घेतलं की त्यानं मला माफ केलेलं नाही. हसून टाळलं.

दफनाला डोंगरातून दोन पिकअप भरून माणसं आली. कबरेपाशी आधी ती नुसतीच उभी राहिली, बराच वेळ, मग गायली. आमच्या लोकांना वाटलं, बुजलीत. त्यांच्यातले वयस्कर देवरामदादा, जे तिथली मंडळी सांभाळतात, मला म्हणाले, "भाऊचं मशीन आमच्याकडंच हाय. रविवारी या, बघून घ्या."

मी गेलो. पण मशीन बघायला नाही. 'दगड'चे शब्द स्वच्छ टाइप करून त्यांच्या पन्नास झेरॉक्स काढल्या, डिंकाची बाटली घेतली आणि गिटार पाठीला लावली. तो घेत नव्हता तर मी स्वतः त्याच्या वहीत, प्रत्येक वहीत, एक नंबरच्या पानावर ते चिकटवणार होतो. पत्र्याच्या छपराचं लहानसं प्रार्थनामंदिर, बाहेर चपला आणि वाळत घातलेली नागली. आत पोराबाळांसह तीसेक माणसं. मी पुढच्या चटईवर बसलो. देवरामदादा उभे राहिले आणि म्हणाले, "वह्या काढा. एक नंबर."

सगळ्यांनी वह्या उघडल्या. तेच कोरं पान. आणि सगळे गप्प. मला वाटलं, यांना शब्द येत नाहीत, माझी वाट बघतायत. मी गिटार मांडीवर घेतली आणि माझ्या चार सुरांतले दोन वाजवले. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं तारांवर हात ठेवला. हात खरखरीत होता, पण ठेवला अगदी हळू.

"दम धर बाबा," ती कुजबुजली. "एक नंबर चालू हाय."

मी थांबलो. पत्रा उन्हानं तडतडत होता. एक पोर आईच्या पदराखाली चुटूचुटू दूध पीत होतं. जन्मभर आवाज वाढवण्याचा धंदा केला, असा गप्प मी कधी बसलो नव्हतो. आधी लाज वाटली. मग मनातल्या मनात 'दगड' सुरू झालं, रूबेनच्या आवाजात, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत... आणि शेवटी मला हलकं वाटलं, इतकं हलकं की डोळे भरून आले. मग देवरामदादा म्हणाले, "दोन नंबर," आणि छप्पर उडेल असे सगळे गायला लागले.

नंतर नागलीची भाकरी खाताना मी विचारलं. देवरामदादा म्हणाले, "भाऊनं वह्या दिल्या, तं पयलं पान कोरं. आम्हाला वाटलं, आधी गप बसायचं आन मंग गायचं. तसं करू लागलो. भाऊ आला, त्यानं पायलं. मंग म्हणला, बरोबर हाय. तुमचं बरोबर हाय."

झेरॉक्स पिशवीतच राहिल्या. मी रागानं रिकामं करायला लावलेलं पान या माणसांनी भरलं होतं, आणि रूबेननं ते आनंदानं भरू दिलं होतं. तो मला टाळत नव्हता, खरंच जागा नव्हती. येताना त्याचं मशीन तपासून दिलं. काही बिघडलेलं नव्हतं.

आता ती निळी वही माझ्या काउंटरवर असते. सकाळी शटर वर केलं की मेन स्विच लावायच्या आधी मी ती पहिल्या पानावर उघडतो. परवा एक गिऱ्हाईक तसंच घाईघाईनं आत आलं, हळदीच्या कार्यक्रमाला दोन भोंगे हवेत म्हणून बोलायला लागलं. मी हात वर केला.

"दम धरा जरा," म्हटलं. "एक नंबर चालू आहे."