नाकानं श्वास घे

तेर गावात आमच्या शेजारची मावशी दुष्काळी कामावर खडी फोडायची. तब्येत विचारली की म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" खांदे ठणकायचे, म्हणून उपाशीपोटीच दुखण्याच्या गोळ्या गिळायची.

एका सकाळी तिला रक्ताची उलटी झाली. मी तिला सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बिणीची नळी पोटात घातली आणि रक्त वाहणाऱ्या अल्सरला सुई दिली. रक्त थांबलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर रक्ताच्या उलटीनंच आलेल्या बाईला नळी घालायची होती. ती भीतीनं रडत होती. मावशीचा घसा नळीनं सोलवटलेला, तरी तिनं उठून बाईचा हात धरला. "घाबरू नगं. नाकानं श्वास घे, मंग काय बी हुत न्हाय." बाईला आत नेईपर्यंत तिनं हात सोडला नाही.

संध्याकाळी मावशीचं रक्त पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली, पण या वेळी रक्त थांबेना. ऑपरेशनच्या आधीच ती गेली.

सकाळी तिची पिशवी घ्यायला वॉर्डात गेलो. काल गुंगीत झोपलेली ती बाई आता उठून बसली होती.

"माझं रक्त थांबलं," ती हसत म्हणाली. "मावशीस्नी कुठं हलवलं? त्यास्नी सांगायचंय."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसलो.