मेन स्विच पाडण्याआधीची लक्ष्मी

कॅमेरे बसवण्याचा धंदा वर्ध्यात नवा होता तेव्हा मी त्यात उडी घेतली. तोवर सावंगीच्या कॉलेजातल्या पोरांचे कॉम्प्युटर फॉर्मॅट करण्यावर पिपरी मेघेतलं माझं घर चालायचं. आजार कोणताही असो, औषध एकच. त्यामुळे भांड्यांच्या दुकानातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, ‘डिस्कमध्ये बिघाड, फॉर्मॅट करू का?’ असं पडद्यावर विचारू लागला तेव्हा माझं बोट सवयीनं ‘होय’कडे निघालंच होतं.

“थांब!” दोन्ही भाऊ एकदम ओरडले. बऱ्याच दिवसांत त्यांचं कशावर एकमत झालं असेल तर ते यावर.

दुकान दोघांचं. थोरले उंच आणि तिरसट, धाकटे बुटके आणि त्याहून तिरसट. वडिलांनी दिलेली चांदीची लक्ष्मी दिवसभर गल्ल्यात बसायची आणि दुकान वाढवताना थोरले तिला लाल रुमालात गुंडाळून घरी न्यायचे. एका संध्याकाळी ते दुकानातूनच जीपनं हिंगणीला लग्नाला गेले आणि तेव्हापासून लक्ष्मी गायब. जाताना मूर्ती धाकट्याच्या हातात दिली, असं ते शपथेवर सांगत. धाकटे म्हणत, मला रुमालाचं टोकसुद्धा दिसलं नाही. दोघांनी बोलणं टाकलं, वाटणीची भाषा सुरू झाली. मी गेलो त्याच्या आदल्या दिवशी गवंडी दुकानाच्या मधोमध भिंतीचं माप घेऊन गेला होता. आता सगळी भिस्त त्या संध्याकाळच्या चित्रणावर होती.

“त्याले सांगजो, मशीनमधे सगळं हाये,” थोरले मला म्हणाले. ‘तो’ शेजारीच उभा होता.

“त्याईले सांगजो, मी बी त्याचीच वाट पाहून राह्यलो.”

मी काय पोस्टमन होतो? डबा उचलला आणि निघालो.

डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडली. खरखर नाही, टकटक नाही, तब्येत ठणठणीत. बिघडली होती ती आतली मांडणी. चित्रण होतं, पण कुठलं कुठे ठेवलंय हे डिस्कलाच ठाऊक नव्हतं. मूळ डिस्कला धक्का नको म्हणून तिची नक्कल काढली आणि नकलेवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. त्यानं बेवारस तुकडे गोळा करून एका फोल्डरमध्ये टाकले. ते मी पाहत बसलो. थोरले गादीवर घोरताहेत. ते झोपलेत तोवर धाकटे गिऱ्हाइकाला घसघशीत सूट देताहेत. गिऱ्हाईक परात ठोकून पाहतं, थोरले दचकून उठतात, धाकटे लगेच भाव वाढवतात. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी थोरले उदबत्ती ओवाळून कोपऱ्यात जातात, नमस्कार करतात, हात वर नेतात आणि तिथे चित्र संपतं. रोज तेच.

मी कपाळावर हात मारला. बिचारा डबा लिहीत असतानाच रोज मेन स्विच पडत होता आणि शेवटचे काही क्षण लिहायचे राहून जात होते. जेवणाऱ्याच्या पुढ्यातून रोज ताट ओढलं तर तो तरी किती दिवस टिकणार?

तुकडे घेऊन दुकानात गेलो. “काकाजी, मेन काऊन बंद करता?”

“शार्ट सर्किट झालं म्हंजे?”

“पण मग रात्री कॅमेरेही बंद. चोर आला म्हणजे?”

“अंधारात त्याले काय दिसन?”

मी त्या संध्याकाळचा तुकडा लावला. थोरले लक्ष्मी रुमालात गुंडाळतात, बाहेर पाहतात, घाईनं कोपऱ्यात जातात, नमस्कार, हात वर. संपलं.

“पाहा! माह्या हातात कुठी देली?” धाकटे ओरडले.

“पुढं देली! पुढचं दाखव बे!”

“पुढचं नाही, काकाजी. तुम्हीच बंद केलं.”

“मंग हे मशीन कायले घेतली?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “असं करा, आत्ताच दुकान वाढवून दाखवा. रोज वाढवता तसं.”

“भर दुपारी? अपशकुन असते ते!”

“आणि मधोमध भिंत घालणं हा शकुन असतो का?”

थोरल्यांनी काडेपेटी उचलली. उदबत्ती लागली. कुकरचं रबर घ्यायला आलेल्या बाईंनी हळूच विचारलं, “कोनी गेलं का जी?” मी लक्ष्मीऐवजी एक पळी लाल रुमालात गुंडाळून थोरल्यांच्या हातात दिली. ते कोपऱ्यात गेले, नमस्कार केला. मेन स्विच जुना, लोखंडी, त्याचा दांडा असा घट्ट की दोन्ही हात लागायचे. थोरल्यांना न विचारताच त्यांचा हात वर गेला आणि त्यानं पळी स्विचच्या पेटीवर ठेवली.

पण तिथे जागा नव्हती. पळी घसरली, खाली रचलेल्या परातींवर आदळली, आणि सगळी चळत असा कल्लोळ करत कोसळली की रबरवाल्या बाई रस्त्यापार गेल्या. थोरले पेटीवर चाचपत होते. हात खाली आला तेव्हा त्यात धुळीनं माखलेला लाल रुमाल होता.

मूर्ती हरवल्यापासून त्यांचे हात रिकामेच असत, वर ठेवायला काही नसे. आणि पेटीच्या वरचं दिसेल इतकं उंच दुकानात कोणीच नव्हतं, थोरल्यांचाही तिथे फक्त हात पोचायचा.

“जीपवाला हार्न देऊन राह्यला होता...” थोरले पुटपुटले. मग सरळ धाकट्याकडे वळले. “बाबूजीची लक्ष्मी मीच धुळीत ठेवली रे.”

आता धाकटे फाडून खाणार म्हणून मी बाजूला सरकलो.

“दादा,” ते म्हणाले, “पायावर परात पडली नाई ना तुया?”

मला एकदम फार बरं वाटलं. गवंड्याला त्याच दिवशी निरोप गेला. मी डब्यासाठी मेनच्या आधीच वेगळी वायर ओढली आणि ही कधीही बंद करू नका, असं हात जोडून सांगितलं. काही महिन्यांनी फोन आला, मशीन पुन्हा फॉर्मॅट मागून राह्यली. जाऊन पाहतो तर माझ्या वायरलाही एक बटण बसवलेलं, शार्ट सर्किट नको म्हणून.

शेवटचा तुकडा काढून पाहिला. धाकटे पालथ्या घमेल्यावर चढून मेनच्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकलेत. खाली थोरले, एका हातात लक्ष्मी, दुसऱ्या हातानं भाऊ पडू नये म्हणून त्याचा शर्ट घट्ट धरलेला. संपलं.

तेवढा तुकडा मी ठेवून घेतला आणि बाकी सगळं फॉर्मॅट केलं.